बर्फाच्या लादीवरची झोप

गादीच्या दुकानात पाऊल टाकलं की माणूस आधी गादीवर बुक्की मारतो. बुक्की आत गेली तर मऊ, नाही गेली तर टणक, एवढंच ज्ञान घेऊन तो आलेला असतो. मी म्हणायची, "बुक्कीनं झोपणार आहात का? आडवे व्हा." मग गिऱ्हाईक ओशाळायचं, चपला काढायचं, टोपी सावरायचं आणि भर दुपारी, रस्त्याकडं तोंड असलेल्या दुकानात, एका बाईसमोर आडवं व्हायचं. काहीजण डोळे मिटून घेत. आपण डोळे मिटले की लोकांना दिसत नाही असं त्यांना वाटत असावं.

सोलापुरात नवी पेठ संपता संपता आमचं दुकान होतं. वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून दुकान आणि दाभण दोन्ही माझ्या हाती आलं. नवरा गिरणीत कामाला होता. त्याला गाद्यांमधलं फक्त झोपणं कळायचं, आणि ते तो फार मनापासून करायचा. मी आडव्या झालेल्या गिऱ्हाइकाच्या कमरेखाली हात घालून बघायची, पुरुष असला तर हाताऐवजी लाकडी पट्टी सरकवायची. माणसाचं अंग जमिनीला सगळीकडं सारखं टेकत नाही. खवाटे टेकतात, खुबे टेकतात, टाचा टेकतात, कमर अधांतरी राहते. कुणाचं काय किती टेकतं ते बघून कापूस कुठं जास्त भरायचा आणि टाके कुठं घट्ट ओढायचे हे ठरायचं. बाकी सगळी हमाली.

घरातल्या गाद्या सगळेच करत. माझं नाव झालं ते प्रवासाच्या अंथरुणांमुळं. सत्तरच्या दशकात फिरतीची नोकरी म्हणजे खांद्यावर वळकटी, हे ठरलेलंच. वस्तीच्या गाडीचे कंडक्टर, मोजणीवाले, तंबूत राहणारे ओव्हरसिअर, सगळे माझ्याकडं यायचे. एक कीर्तनकारबुवा होते करकंबचे. त्यांना पहाटे उठायचं असायचं आणि उठवायला माणूस नसायचं. ते म्हणाले, "बाई, असं अंथरूण करा की झोप लागली पाहिजे, पन लई लागू नये." मी त्यांना कडक भरलेली पातळ गादी शिवली आणि टाक्यांच्या गाठी वरच्या अंगाला ठेवल्या. पहाटे कूस बदलली की गाठ टोचायची. बुवा खूश होऊन गेले आणि पुढं त्यांच्या सुनेनं घरी येऊन मला दोन शब्द सुनावले, कारण ती गादी बुवांनी पाहुण्यांना घातली होती.

एक ओव्हरसिअर धरणाच्या कामावर होता, तंबूत राहायचा. त्यानं हट्टानं चार बोटं जाड गादी करून नेली. माझं ऐकलं नाही. महिनाभरात ती गादी दोन गड्यांनी उचलून परत आणली, कारण काळ्या रानातली ओल पिऊन ती पाणी प्यालेल्या म्हशीसारखी जड झाली होती. साहेबांची पाठ धरली होती ती वेगळीच. तेव्हा मी त्याला समजावलं की घराबाहेरच्या अंथरुणाकडं तीन गोष्टी मागायच्या असतात. अंगाला टोचू नये, वाहायला जड होऊ नये आणि जमिनीचा गुण अंगाला लागू नये. तिन्ही गोष्टी भरपूर कधीच मिळत नाहीत. एक वाढवली की दुसरी कमी होते, मग कुणाला काय जास्त हवं तेवढं बघून शिवायचं.

हे मी मोठ्या तोऱ्यात सांगायची. पण जमिनीचा गुण म्हणजे आमच्यासाठी एक तर ओल नाही तर ऊन. आमच्या गावात अंथरुणाचं सगळं भांडण उन्हाळ्याशी. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, सतरंजी टाकायची, वरून पांघरायला काही घेतलंच तर पहाटे. ऊब हा शब्द आमच्या धंद्यात बाळंतिणीच्या गोधडीपुरताच यायचा. गारठा म्हणजे काय ते आम्हाला पांघरुणाच्या बाजूनं माहीत होतं, अंथरुणाच्या बाजूनं नाही.

आणि अशात एक दिवस विमला दुकानात येऊन म्हणाली, "मावशी, बर्फावर झोपायला काय लागतं?"

"का गं, कुल्फी हायेस का तू?" मी म्हटलं.

विमला नरसय्या विणकराची मुलगी. गावाच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत त्यांचं घर, घरात दोन माग. त्यांच्या घरी तेलुगू बोलायचे आणि बाहेर आमच्यासारखं मराठी. नरसय्याची चादर बाजारात नावानं मागत. त्याच्या चादरींच्या जोडीनं माझ्या गाद्या कितीतरी लग्नांत गेल्या, म्हणून आमचा घरोबा होता. मला तो अक्का म्हणायचा. ही त्याची एकुलती मुलगी कॉलेजात एनसीसीत होती, आणि हिमालयात डोंगर चढायला शिकवतात त्या शिबिरासाठी तिची निवड झाली होती. तिच्या कॉलेजातून ती एकटीच. तंबू आणि झोपायची पिशवी तिकडून मिळणार होती, खाली अंथरायचं ज्याचं त्यानं आणायचं. दिवसभर पाठीवर घेऊन चढायचं, रात्री बर्फावर टाकून झोपायचं, आणि सकाळी परत गुंडाळून पाठीवर.

मला तर हुरूपच आला. पिंजाऱ्याकडून दोनदा पिंजलेला कापूस आणला, त्याची दोन बोटं जाडीची नाजूक गादी शिवली. दुकानाच्या शहाबादी फरशीवर ती टाकून विमला आडवी झाली आणि म्हणाली, "मावशी, छान ऊब लागतीय की!" आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसलो. महिना मे होता. त्या फरशीवर वर्तमानपत्र टाकून झोपलं असतं तरी ऊब लागली असती, पण ते तेव्हा आमच्या डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी नरसय्या आला. कधी नव्हे ते पायरीवर बसला, आत आला नाही. बराच वेळ बंडीच्या टोकाशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "अक्का, हिची आई कशानं गेली तुमाला म्हाईत हाय."

माहीत होतं. थंडीच्या दिवसांत छाती भरली आणि दवाखान्यात नेईपर्यंत बाई गेली. तेव्हा विमला शाळेत होती. तिलाही लहानपणी दर थंडीत कफ व्हायचा. तेव्हा हा बाप मागावर एक हात आणि पोरीच्या छातीवर दुसरा, असे दिवस काढायचा.

"पोरगी हुशार हाय. मी जाऊ नको म्हनलं तर न्हाय जायाची. तोंडातनं शब्द काढायची न्हाय. ते मला बघवायचं न्हाय," तो म्हणाला. "तुमी सांगा. खालनं थंडी लागनार न्हाय, असं तुमी म्हना. तुमी म्हनलासा की मी पाठवतो."

मला हो म्हणून टाकता आलं असतं. सकाळी विमलासमोर हसून मी ते म्हटल्यातच जमा होतं. पण त्याचं तोंड बघितलं आणि माझ्या जिभेला ते येईना. मी बर्फ कधी बघितला होता? सरबताच्या गाड्यावर बघितला होता. त्या पोरीचं जाणं माझ्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं आणि मला शब्द द्यायची भीती वाटली. मी म्हटलं, "नरसय्या, मला बघू द्या. बघितल्याबिगर सांगत न्हाई."

सोलापुरात मे महिन्यात थंडी कुठं बघायची? रात्रभर विचार करून सकाळी मला उत्तर सापडलं, आणि ते आमच्या ओळखीतलंच निघालं. स्टेशनच्या अंगाला बर्फाचा कारखाना होता. तिथला मुकादम इब्राहिमभाई माझं जुनं गिऱ्हाईक, त्याच्या पोरींच्या लग्नाच्या गाद्या मीच शिवल्या होत्या. दुपारी आम्ही तिघं तिथं गेलो. विमलाच्या काखेत माझी गादी. नरसय्याच्या काखेत मात्र वेगळंच बोचकं होतं. पोरीची निवड झाल्यापासून त्यानं मागावर मुद्दाम दुपदरी चादर विणली होती. एवढी जाड चादर मी त्याच्या हातची आधी बघितली नव्हती. "हे घालू खाली," तो म्हणाला. "आमचं चादर सगळीकडं जातंय. कुनी थंडी वाजली म्हनून परत आनलं न्हाय."

बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत अमोनियाचा वास, मिठाच्या पाण्यात बुडवलेले डबे आणि भुशात झाकलेल्या लाद्या. इब्राहिमभाईनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवून हसला.

"आपा, जिंदे आदमी कू बरफ पो कौन सुलाता? मरे सो लोगां कू सुलाते."

बोलून गेला आणि त्याचं लक्ष नरसय्याकडं गेलं. इब्राहिमभाईनं पटकन आपला कान पकडला. पण शब्द गेला होता. नरसय्याचा चेहरा पार उतरला. विमला लादीवरचा भुसा झाडून आडवं व्हायच्या तयारीत होती, तिचा दंड त्यानं धरला.

"ही न्हाय झोपनार. मी झोपतो."

"नायना, जायचंय मला. मीच बघायला पायजे की," विमला म्हणाली. ती बापाला नायना म्हणायची.

"तू गप."

इब्राहिमभाईनं चार लाद्या शेजारी शेजारी मांडून दिल्या. नरसय्यानं आपली चादर दुहेरी करून वर अंथरली, कडा जुळवल्या आणि तो आडवा झाला. किडकिडीत माणूस, बंडी आणि धोतर. वर पत्र्याकडं बघत राहिला.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"झ्याक."

"गार लागतंय?"

"ऊब हाय."

थोडा वेळ गेला. त्याच्या पायाची बोटं आक्रसायला लागली. विमलानं त्याच्या पाठीखाली हात सरकवला आणि माझ्याकडं बघितलं. "नायना, चादर भिजलंय. उठा."

"भिजू दे. सुती हाय, वाळतंय."

"तितं कोन वाळवनार?"

"हे मशीनचं बरफ हाय," नरसय्या म्हणाला. दात एकमेकांवर आपटत होते. "मशीनचं जास्ती गार आसतंय. देवाचं बरफ येवडं गार नसतंय."

इब्राहिमभाईला हसू आवरलं नाही. पण त्यानंच पुढं होऊन नरसय्याला हाताला धरून उठवलं आणि बाहेर उन्हात नेऊन उभं केलं. नरसय्या उन्हात उभा राहून ती ओली चादर घडी घालत होता. बाजारात न्यायच्या चादरीची घालतात तशी, कडेला कड लावून, हातानं दाबून. माझ्यानं तिकडं बघवेना. आयुष्यभर माणूस एका गोष्टीवर मान ताठ ठेवून जगतो, आणि नेमकी तीच गोष्ट आपल्या लेकराच्या उपयोगी पडत नाही, हे मी त्या दिवशी फार जवळून बघितलं.

माझ्या गादीची गत काही बरी झाली नाही. ती पण नरसय्याच अंगाखाली घेऊन बघत होता, पोरीला लादीला हात लावू देत नव्हता. एवढा पिंजलेला कापूस त्याच्या खुब्याखाली पापडासारखा दबला आणि खालून ओला झाला. तेव्हा मला कळायला लागलं. पांघरूण अंगावर असतं, त्याला कुणी दाबत नाही, म्हणून ते फुललेलं राहतं आणि ऊब धरतं. अंथरुणावर सगळं अंग बसतं. त्यातली हवा निघून गेली की मग जाडी कितीही असो, माणूस बर्फावरच झोपल्यासारखा. आणि कापूस ओल प्याला की उरलीसुरली ऊबही गेली. आमच्या गावात सगळ्यांनी चादरीचा कस पांघरून ठरवलेला. खाली घालून कुणी बघितलंच नव्हतं, बघायची वेळच आली नव्हती.

मग आमच्या दुपारच्या फेऱ्या सुरू झाल्या. मी सावरीचा कापूस भरून बघितला. तो हलका, ओल न धरणारा, पण एका जागी थांबत नाही, अंगाखालून पळून कडेला जातो. मंगळवेढ्याकडून येणाऱ्या घोंगडीवाल्याकडून एक घोंगडं घेतलं. लोकर दाबली तरी पुन्हा उठते, आणि चिंचोक्याची खळ दिल्यामुळं ओल लवकर आत शिरत नाही. पण एकटं घोंगडं पातळ पडलं, आणि नरसय्याला ते इतकं चावलं की तो लादीवर उताणा पडून खाजवत होता. इब्राहिमभाईचे हमाल आमची वाट बघायला लागले होते. एकजण म्हणाला, "आज काय आणलं आपा, रजई का सासू?"

शेवटी असं जमलं. तळाला मेणकापड, त्यावर घोंगडं, त्यावर सावरीचा कापूस, पण अरुंद नळ्या शिवून त्यात भरलेला, म्हणजे तो पळायचा म्हटलं तरी कुठं पळणार नाही. वजन केलं तर जड. विमलाला दुकानात पाठीवर बांधून जिना चढायला लावलं, ती वर जाऊन वाकली. मग मी तिला परत आडवं केलं, खवाट्यांपासून खुब्यांपर्यंत हात फिरवला आणि गुडघ्याखालचं सगळं अंथरूण कापून टाकलं. पायांखाली रिकामी सॅक घालायची. टाचा थोड्या टोचतील, पण छाती आणि कंबर कोरडी राहील. डोकं, पाय, सगळं गुबगुबीत हवं असेल तर घरी राहायचं.

ते घेऊन कारखान्यात गेलो त्या दिवशी नरसय्या मागावरून तसाच उठून आला होता. लग्नसराईचं काम अंगावर, डोळे लाल. इब्राहिमभाईनं लाद्या मांडल्या. नरसय्या आडवा झाला, पाय सॅकवर टाकले आणि पत्र्याकडं बघू लागला.

"पाठीला काय लागतंय?" मी विचारलं.

तो काही बोलला नाही. मला वाटलं, बघतोय. थोड्या वेळानं परत विचारलं. उत्तर नाही. डोळे मिटलेले. पहिल्या दिवसाचं ते अभद्र बोलणं सगळ्यांच्याच मनात असणार, कारण इब्राहिमभाई झटकन खाली वाकला, आणि विमलानं बापाच्या छातीवर हात ठेवला.

तेवढ्यात नरसय्या घोरला.

चांगला मोठ्यानं घोरला. विमलानं दुसरा हात तोंडावर दाबून धरला, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. "उठवू नका मावशी," ती कुजबुजली. मी कशाला उठवतेय? बायको गेल्यापासून हा माणूस कुणासमोर निवांत टेकलेला मी बघितला नव्हता, आणि आता बर्फाच्या लादीवर लेकरासारखा झोपला होता. बाहेर सरबतवाले आणि आइस्क्रीमवाले गाड्या घेऊन बोंबलत होते. इब्राहिमभाई दारात जाऊन म्हणाला, "ठैरो रे. लादी पो आदमी सोया सो है." मे महिन्यात सोलापुरातले बर्फवाले एका विणकराच्या झोपेसाठी उन्हात थांबले, हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पण थांबले. शिव्या देत थांबले.

नरसय्या जागा झाला तेव्हा फार लाजला. उठून बसला, आधी पाठीला हात लावून बघितला, मग अंथरूण उलटून खालून चाचपलं, वरून चाचपलं. परत पाठीला हात लावला.

"कोरडं हाय," तो म्हणाला. मग पोरीकडं वळला. "बिड्डा, स्वेटर दोन घे." बिड्डा म्हणजे त्यांच्यात लेकरू.

एवढाच त्याचा होकार. विमला तिथंच त्याच्या पायाशी बसली आणि हसत रडत राहिली.

दुसऱ्या दिवशी तो ती दुपदरी चादर घेऊन दुकानात आला. म्हणाला, अंथरुणाला खोळ याची करा. मी म्हटलं, माझ्याकडं गादीपाटाचं कापड पडलंय ढीगभर, एवढी चादर कशाला फाडता? त्यांच्या घरात विणून झालेल्या चादरीला कात्री लावत नाहीत, दशा कापल्या की झालं, हे मला माहीत होतं. त्यानं माझ्या हातातली कात्री घेतली.

"खाली घालायला माझं चादर चालत न्हाय, अक्का. पन तिच्या अंगाला तर लागू दे," तो म्हणाला, आणि चादर माझ्या टेबलावर सरळ केली. पहिल्यांदा कात्री लावताना त्याचा हात थांबला. मग त्यानं एका रेषेत कापत नेली. मी खोळ शिवली, मऊ बाजू आत न घेता वर घेतली, आणि सगळं गुंडाळून दोन पट्टे लावून दिले. विमला गाडीत बसली तेव्हा ते अंथरूण तिच्या मांडीवर होतं.

ती गेली त्याच्या चार दिवसांनी नरसय्या परत दुकानात हजर.

"अक्का, तसलंच आनी एक करा."

"कुणाला?"

"मला."

मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं. "अहो, या उकाड्यात लोकर खाली घालून झोपणार? लोक गच्चीवर पाणी मारत्यात आणि तुम्ही घोंगडं मागताय? जीव जाईल की."

"ती जिमिनीवर आन मी खाटंवर," तो म्हणाला. "डोळा लागत न्हाय. तिला कसं टोचत आसंल, कुटं टोचत आसंल, ते कळना मला. तसलंच करा. तिच्याच मापाचं करा, गुडघ्यापतूर."

मी आयुष्यात गिऱ्हाइकांशी पुष्कळ वाद घातले. त्या दिवशी नाही घातला. मुकाट्यानं घोंगडं आणलं, नळ्या शिवल्या, कापूस भरला. खोळीला त्यानं उरलेला चादरीचा तुकडा दिला. मला दाभण ओवायला दिसेना, सारखे डोळे भरून येत होते, आणि तो समोर बसून म्हणत होता, "अक्का, टाके तसंच घाला, बरं का. तिच्यात जशी गाठ हाय तशी."

महिन्याभरानं विमला परत आली. काळवंडलेली, नाकाचं सालपट निघालेलं, आवाज मोठा झालेला. स्टेशनवरून घरी जाऊन, अंघोळ करून ती दुकानात आली, मागोमाग नरसय्या. तिनं सगळं सांगितलं. किती उंच गेली, दोरीवर कशी लटकली, कुठली पोरगी रडली. मी धंद्याचं विचारलं, "थंडी?"

"तोंडाला वाजली, हाताला वाजली. पाठीला न्हाय वाजली मावशी. छातीला तर बिल्कूल न्हाय." मग तिनं बापाला स्टुलावर बसवलं, पाठमोरं केलं आणि त्याची बंडी वर केली. "आता हे बघा."

पाठभर घामोळं उठलेलं. खवाट्यांपासून खुब्यांपर्यंत लालभडक, नेमकं अंथरुणाच्या मापाचं. खाली गुडघ्यापासून पोटऱ्या मात्र साफ.

"घरात गेले तर खाट भितीला उभी करून ठेवलीय, आन हे अंथरूण जिमिनीवर," विमला म्हणाली. "नायना महिनाभर ह्याच्यावर झोपले. तुम्ही शिवून कसं दिलं मावशी?"

मी तिला घामोळ्याच्या पावडरीचा डबा आणून दिला. ती बापाच्या पाठीमागं बसून पावडर लावत होती, फुंकर घालत होती, आणि रागावत होती, आणि मध्येच तिचा हात थांबत होता. नरसय्या मान खाली घालून बसला होता. चेहऱ्यावर एवढं समाधान की त्याला घामोळं आलंय असं कुणाला वाटलं नसतं.

"आता आले ना मी," विमला म्हणाली. "आज खाटंवर झोपायचं."

"झोपतो," तो म्हणाला. मग मागं न बघता त्यानं विचारलं, "परत जायाचं हाय काय तुला?"

विमलाचा हात त्याच्या पाठीवर तसाच राहिला. ती माझ्याकडं बघायला लागली. "पुढच्या वर्षी मोठं शिबिर आसतंय, नायना," ती हळूच म्हणाली. "ह्याच्यापेक्षा वर जायाचं."

नरसय्यानं रस्त्याकडं बघितलं. रस्त्यावरून एक टांगा गेला. मग त्यानं बंडी खाली ओढली आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "अक्का, माझं ते अंथरूण धुवायला कसं लागतंय ते सांगून ठेवा. पुढच्या वर्षी लागंल मला."